पाव्हण्यांचं नववं प्रकरण

आई त्यांना पाव्हणे म्हणायची. म्हणजे माझे बाबा ज्या अमेरिकन कादंबरीकाराचं चरित्र मराठीत लिहीत होते, त्या कादंबरीकाराला. बाबा शाळेतून आले, चहा झाला आणि त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली की स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "आले का पाव्हणे?" बाबा हसायचे नाहीत. "आले," म्हणायचे आणि पेनाचं टोपण काढायचे. पाहुणा दोन दिवसांचा म्हणतात. आमचा बावीस वर्षं राहिला.

बाबा मूळचे फर्दापूरचे. कॉलेजच्या सुट्टीत लेणी बघायला येणाऱ्या लोकांच्या पिशव्या उचलायचं काम ते करायचे. एक अमेरिकन म्हातारी विश्रामगृहात एक जाडजूड कादंबरी विसरून गेली. चौकीदाराने ती चूल पेटवायला काढली होती, बाबांनी मागून घेतली. पहिलं पान वाचायला त्यांना महिना लागला. शब्दकोश मास्तरांकडून आणलेला, तोही रविवारी परत द्यायचा. त्या कादंबरीत धान्याच्या बाजारपेठेचं एक छोटं गाव होतं. कुणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत, आणि कोण गाव सोडून गेलं याचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर. "हा माणूस आपल्याकडचाच आहे, नुसता गोरा झालाय," असं बाबा म्हणायचे. पुढे ते इंग्रजीचे शिक्षक झाले, बिडकीनच्या हायस्कूलात लागले, आणि त्या माणसाच्या सातही कादंबऱ्या त्यांनी कुठून कुठून मिळवून वाचल्या.

जेवताना आम्हाला त्याच कादंबऱ्यांच्या गोष्टी मिळायच्या. एकीत पोस्टातली एक बाई होती, ती सगळ्या गावाची पत्रं वाफेवर धरून उघडायची, वाचायची आणि पुन्हा चिकटवायची. शेवटी पकडली जाते. मला तिचा राग यायचा. आई म्हणायची, "बरं करती. कुणाला तरी ठावं पायजे."

पुस्तक लिहायची आमच्या घरची पद्धत अशी. बाबा कच्चं लिहायचे ते शाळेतल्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूला. त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी नाचली असावी असं. आई सातवी शिकलेली, पण तिचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. दुपारची भांडी झाली की ती लोखंडी पेटीवर रजिस्टर ठेवून पक्कं लिहायची. एक प्रकरण पक्कं झालं की कच्चे कागद बंबात. दुसऱ्या दिवशी त्याच कागदांवर तापलेल्या पाण्याने आम्ही आंघोळ करायचो. माझ्या लहानपणी त्या लेखकाचं बालपण, त्याची रेल्वेच्या मालधक्क्यावरची नोकरी, त्याची पहिली कादंबरी, सगळं असं बंबातून गेलं.

पक्कं लिहिलेलं बाबा कधी वाचायचे नाहीत. वाचलं तर पाहिजे ना, असं मी एकदा म्हणाले होते. त्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईचं अक्षर छापल्यासारखं आहे. छापलेलं कुणी तपासतं का?" आज मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, मुलांना प्रबंध दहादा तपासायला लावते, आणि हे वाक्य आठवलं की कपाळावर हात मारून घेते. चरित्रातली एक तारीख चुकली तर पुस्तक फाडून टाकीन, असं म्हणणाऱ्या माणसाने बावीस वर्षं स्वतःचं पुस्तकच उघडून पाहिलं नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही बिडकीन सोडलं आणि संभाजीनगरला गारखेड्यात फ्लॅट घेतला. इथे बंब नव्हता, गिझर होता. अकरा रजिस्टरं मात्र आली. पुस्तक पुरं झालेलं होतं, फक्त छापायचं राहिलं होतं. कुणी प्रकाशक म्हणायचा, अमेरिकन लेखकाचं चरित्र कोण वाचणार. कुणी म्हणायचा, बघू. बाबा कुणाच्या मागे लागणाऱ्यातले नव्हते, आणि मी माझ्या नोकरीत, माझ्या संसारात. हे माझ्याकडून राहून गेलं, ते मी कबूल करते.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. बोलणं नंतर सुट्या शब्दांनी परत आलं. नजरेचंही काहीतरी झालं, त्यांना ओळ अर्धीच दिसायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. "पुस्तक," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू."

मी जागी झाले, पण उशिरा. औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या प्रकाशकाने हो म्हटलं. मजकूर टाइप करून द्या, गुढीपाडव्यापर्यंत काढू. मी दर शनिवारी-रविवारी आईबाबांकडे जाऊ लागले. एक प्रकरण टाइप करायचं, रविवारी सकाळी गॅलरीत बाबांच्या खुर्चीशेजारी बसून मोठ्याने वाचायचं, त्यांनी मान हलवली की पुढचं. आई दारात बसून भाजी निवडायची. बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. त्या आठ रविवारांत मी सुखी होते, खोटं कशाला बोलू.

मग नववं प्रकरण आलं.

त्या लेखकाची खरी हकीकत मला एम.ए.ला असल्यापासून माहीत होती, कॉलेजच्या लायब्ररीत त्याचं इंग्रजी चरित्र होतं. त्याच्या पहिल्या बायकोने त्याच्या पहिल्या चारही कादंबऱ्या टाइप केल्या. टाइपरायटर स्वयंपाकघरात होता. चौथ्या कादंबरीने नाव झालं, हा मोठ्या शहरात भाषण द्यायला म्हणून गेला आणि तिथल्याच एका बाईकडे राहिला. हस्तलिखितं मात्र टपालाने गावी येत राहिली. बायको टाइप करून परत पाठवत राहिली. पुढे तेही थांबलं. ती त्याच गावात एका भाड्याच्या खोलीत एकटी मेली. तार गेली, पण हा आला नाही. चौथ्या कादंबरीनंतर लिहिलेल्या तिन्हींत काही राम नव्हता. बाबा म्हणायचे की त्याच्या साऱ्या आयुष्याची किल्ली इथे आहे, आणि नववं प्रकरण मी जीव ओतून लिहिलंय.

रजिस्टरातलं नववं प्रकरण मी टाइप करायला घेतलं. भाषण झालं. शहरातली बाई काही येईना. दोन पानं उलटली, तरी नाही. आणि मग मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरात असं लिहिलेलं, की लेखक सहा महिन्यांनी गाडीतून गावी उतरले. बायकोने काही विचारलं नाही. तिने त्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं. तिथून पुढे शेवटच्या रजिस्टरापर्यंत ती बायको जिवंतच होती! लेखक म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसून त्यांना आंबील भरवत होती.

मला आधी हसूच आलं. अमेरिकेत ज्वारीची आंबील. मग हसू जिरलं.

आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. मी रजिस्टर तिच्यापुढे धरलं. "आई, हे तू लिहिलंस?"

तिने चष्मा न लावताच ओळखलं. "व्हय."

"बाबांनी असं नव्हतं लिहिलं."

"नव्हतं."

"मग?"

तिने दोन-चार शेंगा फोडल्या. "तू चौथीत व्हतीस. ह्यांची बदली सोयगावला झाली व्हती. फर्दापूर तिथनं जवळ, घरी भाऊ-भावजया, जेवायची सोय, म्हणून हे एकटेच गेले. आधी दर शनिवारी यायचे. मग महिन्यानं. मग दिवाळीला बी आले नाय. पुस्तक लिहायचंय म्हनं. कागद तेवढे यायचे एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. संगं चिठ्ठी नाय, का काय नाय. लोक काय बी सांगायचे. सोयगावला दुसरं घर केलंय म्हनं."

मला त्या वर्षातलं एवढंच आठवत होतं की कंडक्टरमामा कागदांचं पुडकं द्यायचे आणि मी ते घेऊन पळत घरी यायचे.

"आन् त्या कागदात ही बाई," आई म्हणाली. "टाइप करती, परत धाडती, टाइप करती. आन् हा तिकडंच. मला वाटलं, मला कळावं म्हणूनच लिहिलंय. तोंडानं सांगता येईना, म्हणून पाव्हण्याच्या तोंडून सांगितलं. मी महिनाभर पक्कं लिहायलाच घेतलं नाय. मग म्हटलं, माझ्या हातानं ती बाई मरायची नाय. तो परत आला असं लिहिलं."

"आणि बाबांचे कागद?"

"बंबात घातले. नेहमीसारखे."

"बाबा कधी आले मग?"

"मे महिन्यात. बदली करून घेतली. मी काय इचारलं नाय. पाणी दिलं हातपाय धुवायला." तिने पाटी झटकली. "म्होरल्या कागदांत ती बाई मेलेलीच. पर मी तिला एकदा जित्ती ठिवली, मग म्होरं बी ठिवावी लागली."

मी तिच्यावर ओरडले. आज लाज वाटते, पण ओरडले. बाबांचं सगळ्यात चांगलं प्रकरण तू जाळलंस, म्हटलं. त्यांच्या नावावर लोक हसतील. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुला काय करायचं ते कर. तू शिकलेली." आई असं म्हणाली की संपलं. त्यापेक्षा तिने दोन थपडा मारलेल्या परवडल्या असत्या.

पुढचे तीन आठवडे माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. बाबांना सांगावं, तर त्या वर्षाचं सगळं वर काढावं लागणार, आणि डॉक्टरांचं वाक्य डोक्यात. न सांगता आंबीलवालं चरित्र छापावं, तर बाबांच्या सगळ्या कष्टांवर माझ्या हाताने बोळा फिरवायचा. आईला दुखवायचं नाही, बाबांना फसवायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. इंग्रजी चरित्र समोर ठेवून नववं प्रकरण मीच लिहून पाहिलं. चार वेळा लिहिलं. परीक्षेच्या गाईडसारखं झालं. जीव ओतून लिहिलेलं प्रकरण दुसऱ्याच्या हातून थोडंच उतरतं? प्रकाशकाचा फोन आला की मी कॉलेजात तास असल्याचं सांगायचे. नवऱ्याने विचारलं, एवढं काय झालंय, तर त्याच्या अंगावर धावून गेले. आणि दर रविवारी बाबा मला बघून एकच शब्द बोलायचे, "नववं?"

"टाइप चालू आहे, बाबा."

ते मान हलवायचे. ते माझ्यावर विश्वास ठेवायचे, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एका रविवारी त्यांना जेवताना ठसका लागला आणि चेहरा निळा पडला. आईने पाठ चोळली, मी नुसती उभी. ते सावरले. पण ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लवकर."

त्याच्या पुढच्या रविवारी मी वाचायला बसले. काय वाचावं हे मी ठरवलं होतं असं म्हणणार नाही. माझ्या पिशवीत दोन्ही होतं, आईचं आणि माझं गाईडवालं. बाबा अलीकडे ऐकता ऐकता पेंगायचे. वाटलं, पेंगतील, लक्षात येणार नाही, छापून होऊन जाईल. मी भित्री आहे. मी आईचं वाचायला घेतलं. आई नेहमीसारखी दारात, पुढ्यात मेथीची जुडी.

बाबा पेंगले नाहीत. भाषणापर्यंत ते मान हलवत होते. गाडी गावी आली, तेव्हा मान थांबली. मी खाली बघून वाचत राहिले. हातपाय धुवायला पाणी दिलं, असं वाचलं, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या कागदावर ठेवला.

"खोटं," ते म्हणाले.

 आईच्या हातातली मेथी थांबली.

"खोटं," पुन्हा म्हणाले. जीभ जड, एकेक शब्द ओढून आणत होते. "तो… नव्हता… आला."

आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तो नसंल आला. तुम्ही आला ना."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची डावी बाजू हलत होती, उजवी तशीच. काय आठवलं असेल, काय नसेल, मला कळायला मार्ग नाही. काही तरी बोलायचं होतं त्यांना. मोठं काही तरी. ओठ दोन-तीनदा उघडले, त्यातून नुसता वारा आला. बावीस वर्षं दुसऱ्या एका माणसाबद्दल अकरा रजिस्टरं भरून लिहिणारा हा माणूस, आणि स्वतःबद्दल एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात शब्द नव्हता. मी त्यांचा हात धरला. दुसरं काही करता येत नव्हतं.

मग ते आईला नाही, मला म्हणाले, "खरं. खरं… छाप."

"बाबा, ते कागद नाहीत आता," मी म्हणाले. "जळाले." कुणी जाळले ते बोलले नाही.

आईने मेथीची पाटी बाजूला सरकवली. हात पदराला पुसले. "घे," ती मला म्हणाली. "लिही."

"काय लिहू?"

"नववं. ह्यांनी लिहिलेलं."

"आई, ते तू—"

"महिनाभर रोज वाचत व्हते मी ते. सैपाक करताना, पाणी भरताना. पाठ झालं. तू लिही फकस्त."

आणि तिने सुरुवात केली. "'ज्या टाइपरायटरवर त्यांची कीर्ती उमटली, स्वल्पविराम, तो टाइपरायटर बैठकीत नव्हता, स्वल्पविराम, स्वयंपाकघरात होता, पूर्णविराम.'" आईच्या तोंडून बाबांचं ते शाळामास्तरी, शुद्ध मराठी. तिचा एरवीचा हेल कुठे गेला कळेना. कुठे अडखळली नाही, कुठे एक शब्द मागेपुढे झाला नाही. पाठ्यपुस्तकातली कविता म्हणणाऱ्या मुलीसारखी ती समोरच्या भिंतीकडे बघून सांगत होती. हस्तलिखितं टपालाने येत राहिली. सोबत पत्र नसे. त्या कागदांचा वास घेऊन ती बाई तो कुठे बसून लिहितो आहे याचा अंदाज करत असे. मी लिहीत होते आणि मला अक्षर दिसत नव्हतं. हे आमच्या घरात तीस वर्षं कुणाच्या तरी डोक्यात होतं आणि आम्ही तिच्या हातचं जेवत होतो, पाव्हण्यांवरून तिची चेष्टा करत होतो.

बाबा पहिल्या पानाला ऐकत होते. दुसऱ्या पानाला त्यांनी डावा हात पुढे केला आणि तिच्या पदराचं टोक धरलं. भाड्याची खोली आली. खिडकीतून दिसणारा रेल्वेचा रूळ आला. बाबांनी पदर ओढला. ती सांगत राहिली.

"पुरे," बाबा म्हणाले. एवढा स्पष्ट शब्द ते झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि उजव्यातूनही. "पुरे… गं."

मी पेन कागदावरून उचललं. आईकडे पाहिलं. तिने वाकून पदराच्या दुसऱ्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, मग हनुवटी पुसली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"आजून दीड पान हाय," ती म्हणाली. "लिही."